खडीचा रस्ता, जाड टायर आणि तीन राज्यांचं रान : ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे नेमकं काय?

बेळगाव : ‘रस्त्यावर नुसती खडी टाकून ठेवलीय, डांबर कधी पडणार?’ खानापूर, चंदगड आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या गावांत हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. आता त्याच खडीवरून मुद्दाम सायकल चालवायला शहरातली काही मंडळी पहाटे उठून निघतात. या प्रकाराला ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. डांबरी रस्ता सोडायचा आणि मुरुमाच्या, लाल मातीच्या, खडीच्या वाटांनी लांबचा पल्ला गाठायचा, एवढी साधी ही कल्पना आहे.

डोंगर, जंगल आणि तलाव जवळजवळ असतील तिथे हा खेळ रंगतो. बेळगावच्या पश्चिमेला हे तिन्ही आहेत आणि तेही सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल इतक्या अंतरावर. मात्र या वाटा रिकाम्या नाहीत. त्यांवरून शाळेची पोरं जातात, दुधाच्या किटल्या जातात, गवे जातात आणि पावसाळ्यात आजारी माणसंही याच वाटेने बाहेर आणावी लागतात. म्हणून सायकल कुठली घ्यावी याच्याइतकंच हा रस्ता कुणाचा आहे, हेही समजून घेतलेलं बरं.

रोड सायकल नाही, माउंटन बाईकही नाही

लांबून पाहिलं तर ग्रॅव्हल सायकल शर्यतीच्या सायकलीसारखी दिसते. हँडल तसंच खाली वळलेलं असतं. फरक जवळ गेल्यावर कळतो. रोड सायकलचा टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो, तर ग्रॅव्हलचा ३८ ते ५०. फ्रेममध्ये चाकाभोवती जादा जागा सोडलेली असते, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होतं. ब्रेक डिस्कचे असतात. गिअर चढाला सोयीचे, म्हणजे हलके असतात. बसण्याची ढब थोडी सरळ असते, कारण पाच-सहा तास खडखड सोसायची असते.

माउंटन बाईकचं काम वेगळं. तिला पुढे, कधी मागेही, शॉक ॲब्सॉर्बर असतात. मोठे दगड, झाडांची मुळं, पायऱ्यांसारखे उतार यांसाठी ती बनलेली. पण मधे वीस किलोमीटर डांबरी रस्ता लागला की ती जड पडते. ग्रॅव्हल सायकल या दोन्हींच्या मधली आहे. किणयेपर्यंत डांबरावरून जायचं आणि पुढे मातीच्या वाटेला वळायचं, असा मिश्र प्रवास तिला झेपतो.

या खेळाला नाव आणि बाजार मिळाला तो अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली ३४ जणांनी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची खडीच्या रस्त्यांवरची शर्यत लावली. आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने जगभर माहीत आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२२ मध्ये इटलीत पहिली ग्रॅव्हल जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली.

दूधवाल्याची सायकल

नाव नवीन असलं तरी प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. बेळगावात आसपासच्या खेड्यांतून दूध यायचं ते मोठ्या काळ्या सायकलींवरून. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या, खाली मातीचा रस्ता, गिअर नाहीत. त्या सायकलीच्या टायरवर ‘२८ × १ १/२’ असं छापलेलं असतं. दीड इंच म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. आज ग्रॅव्हल सायकलला जो टायर सगळ्यात जास्त वापरतात, त्याची रुंदीही ४० मिलिमीटरच्याच आसपास.

हा योगायोग नाही. कच्च्या रस्त्यावर बारीक टायर रुततो आणि फार जाड टायर ओढायला जड जातो, हे दोन्हीकडच्या लोकांना अनुभवाने कळलं. त्यामुळे ज्याला हा प्रकार करून पाहायचा आहे, त्याने लगेच महागडी सायकल घ्यायची गरज नाही. घरात पडून असलेली हायब्रिड किंवा जुनी गिअरची माउंटन बाईक ओव्हरहॉल करून, चांगले टायर घालून सुरुवात होऊ शकते. ब्रेक मात्र नीट लागले पाहिजेत. तिथे काटकसर नको.

हवा किती, गिअर कुठला?

नवशिक्यांची पहिली चूक हवेत होते. टायर दगडासारखा कडक केला की सायकल पळते, ही समजूत डांबरावर काही प्रमाणात खरी आहे. खडीवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो. चाक आणि स्वार दोघांनाही वर उचलण्यात ताकद वाया जाते आणि चाक हवेत असताना पकड सुटते. हवा थोडी कमी असली की टायर दगडाभोवती दबतो आणि पुढे सरकतो. ७० किलो वजनाच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पौंड हवा पुरते. रोड सायकलच्या बारीक टायरमध्ये याच्या दुप्पट किंवा जास्त भरतात. ट्यूब असेल तर पाच-सात पौंड जास्त ठेवावे. नाहीतर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटून एकदम दोन भोकं पडतात.

ट्यूबलेस टायरमध्ये आत पातळ सीलंट असतं. काटा घुसला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. करवंदीच्या जाळ्यांतून जाणाऱ्या वाटेवर याचा उपयोग फार. टायर मोठा चिरला तर मात्र सीलंट काही करत नाही. म्हणून एक जादा ट्यूब आणि हातपंप जवळ हवाच.

गिअरचा हिशोबही सोपा आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा घेर. घेर साधारण २.२ मीटर धरू. पुढे ५० आणि मागे २५ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल ४.४ मीटर जाते. पुढे ४० आणि मागे ४२ असतील तर जेमतेम २.१ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर पहिल्या गिअरला ताशी जवळपास १६ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो, दुसऱ्याला साडेसात. खड्या चढावर १६ चा वेग कुणालाही टिकत नाही. मग माणूस उभा राहून जोर लावतो, मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि खडीत चाक जागीच फिरतं. हलका गिअर असेल तर बसून, सावकाश चढता येतं. घाटमाथ्यावर त्याचीच गरज असते.

सगळी खडी सारखी नसते

रस्ता बांधताना आधी मातीकाम, मग मुरूम, मग खडीकरण आणि शेवटी डांबरीकरण होतं. सायकलस्वाराच्या दृष्टीने यातला प्रत्येक टप्पा वेगळा.

चांगला दबलेला मुरूम किंवा लाल माती सर्वांत सुखाची. खडीकरणाचा रस्ता ‘ग्रॅव्हल’ या शब्दाशी जुळत असला तरी प्रत्यक्षात त्रासाचा असतो. त्यात मुठीएवढी फोडलेली खडी असते आणि रोलर फिरून एक-दोन पावसाळे गेले की ती सुटी होते. तिच्यावरून सायकल वाकडीतिकडी पळते आणि टायर कापला जातो. उखडलेलं डांबर तर त्याहून वाईट, कारण खड्ड्याच्या कडा धारदार असतात. अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी धरावी किंवा सरळ उतरून चालावं. उतरण्यात कमीपणा नाही.

आपल्या भागातला लाल रस्ता आणखी एका कारणाने फसवतो. घाटमाथ्याचा वरचा थर जांभ्या दगडाचा आहे. लोहाचा अंश जास्त असल्याने तो तांबडा दिसतो. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर टणक होतो. म्हणून तर त्याचे चिरे पाडून घरं बांधतात. हा दगड झिजला की त्यातून मटारासारखे गोल, टणक खडे सुटतात. खाली फरशीसारखा पक्का जांभा आणि वर हे गोल खडे, म्हणजे बेअरिंगवर उभं राहिल्यासारखंच. वळणावर ब्रेक दाबला की सायकल आडवी. त्यामुळे वेग वळणाच्या आधीच कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात न लावता सायकल सोडायची, हा इथला पहिला धडा.

कुठे जाता येईल?

सुरुवातीला बेळगुंदी, राकसकोप, तुडये हा भाग बरा. राकसकोप शहरापासून सुमारे १६ किलोमीटर. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय बेळगावच्या नळांना पाणी देतो. पावसाळ्यात ‘पातळी २४७५ फुटांवर, दरवाजे उघडले’ ही बातमी दरवर्षी येते ती याच जलाशयाची. काठावरच्या शिवारातून जाणाऱ्या वाटा फार चढाच्या नाहीत. तुडयेच्या बाजूला गेलं की महाराष्ट्र लागतो; रस्त्यावर हद्द कळते ती फलकांवरची भाषा आणि मोबाईलचं नेटवर्क बदलल्यावर. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. सायकल धुवायला किंवा पोहायला त्यात उतरू नये.

दुसरा टप्पा शिनोळीवरून देवरवाडी, वैजनाथ आणि महिपाळगडाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे, गड सुमारे ३,२०० फुटांवर. म्हणजे सातशे फुटांची चढण, तीही शेवटच्या थोड्या अंतरात. गडावर गाव नांदतं आहे. आपल्या गिअरची परीक्षा घ्यायला हा चढ पुरेसा आहे.

तिसरा पट्टा जांबोटी, कणकुंबी, चिगुळे आणि पारवाडचा. हा पूर्ण दिवसाचा. कणकुंबीला माउली मंदिराजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेला जाऊन मिळते. तिथून थोड्याच अंतरावरच्या डोंगरातलं पाणी म्हादईला मिळून गोव्यातून अरबी समुद्रात जातं. सायकलवर बसलेल्या माणसाला हा पाणलोटाचा कणा पायात जाणवतो. तीन राज्यांचा पाणीतंटा ज्या डोंगरावरून चालला आहे तो हाच. चोर्ला रस्त्यावर मात्र गोव्याची अवजड वाहतूक असते आणि धुकंही. तिथे मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा.

वेळेचा हिशोब डांबराचा धरू नये. डांबरावर ताशी २२ ते २५ किलोमीटर जाणारा माणूस कच्च्या चढउतारावर १२ ते १५ वर येतो. ५० किलोमीटरला दोन तास नव्हे, चार तास धरावेत. तासाला निदान अर्धा लिटर पाणी लागतं.

कधी जायचं, कधी नाही?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतर धूळ आणि उन्हाचा ताप वाढतो. वाळलेल्या पाचोळ्याला वणवा लागण्याची भीती असते. अशा वेळी जंगलात विडी-सिगारेट किंवा चहासाठी चूल पेटवणं म्हणजे गुन्हाच.

जून ते सप्टेंबर या वाटा टाळाव्यात. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण चाळीस-पन्नास किलोमीटर पश्चिमेला चित्र पार बदलतं. आमगावला २०१० साली १०,००० मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली होती. इतक्या पावसात कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात, लाकडी साकव वाहून जातात आणि जांभ्यावर शेवाळ चढतं. धबधब्यांवर जायला वनखातं आणि पोलीस पावसाळ्यात अनेकदा बंदी घालतात. पुलावर घोटाभर पाणी दिसलं तरी सायकल घालू नये. वाहतं पाणी आधी चाक ओढतं, मग माणूस.

अभयारण्याचा नियम

खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याची घोषणा २०११ मध्ये झाली. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. गोव्याच्या बाजूला १९९९ पासूनचं २०८ चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य आणि महाराष्ट्रात २०२० मध्ये जाहीर झालेलं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र. नकाशावर हे तीन राज्यांचे तीन तुकडे असले तरी गवा, अस्वल, बिबट्या आणि वाघ यांच्या दृष्टीने ते एकच रान आहे. चंदगड, आजरा आणि दोडामार्ग भागात हत्तींचाही वावर आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात कुणालाही वाटेल तसं फिरता येत नाही. तिथले जमीनधारक व रहिवासी, कामावरचे सरकारी कर्मचारी, परवानगी घेतलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्यावरून सरळ पार होणारे प्रवासी, एवढ्यांनाच प्रवेश. सार्वजनिक रस्ता सोडून आडवाटेला सायकल वळवली की तो विनापरवाना प्रवेश ठरू शकतो. ‘मोबाईलच्या नकाशावर वाट दाखवते’ ही सबब चालत नाही. नकाशाला वाट दिसते, कायदा दिसत नाही. आधी वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारावं.

सायकलला आवाज नसतो, ही जंगलात सोय नसून धोका आहे. मोटारसायकल येताना जनावराला दुरून कळतं. सायकल एकदम वळणावर समोर उभी राहते. अस्वलासारखं जनावर दचकलं तर अंगावर येतं. म्हणून दाट झाडीच्या वळणांवर घंटी वाजवत, बोलत जावं आणि पहाट-संध्याकाळच्या अंधुक उजेडात जंगलात राहू नये.

ज्यांना हा रस्ता कच्चा नको आहे

ज्या रस्त्यावर शहरातला माणूस हौसेने खडखड सोसायला जातो, तोच रस्ता तिथल्या माणसाचं रोजचं दुखणं आहे. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, देगाव यांसारख्या जंगलातल्या वाड्या-गावांना पावसाळ्यात बाहेर पडणं मुश्कील होतं. रुग्णवाहिका पोचत नाही. मग आजारी माणसाला, बाळंतपणाच्या बाईला बांबूला कापड बांधून किंवा खुर्चीवर बसवून गावकरी खांद्यावरून मैलोन् मैल आणतात. अभयारण्याच्या नियमांमुळे पक्का रस्ता आणि पूल यांची परवानगी रखडते.

सायकलस्वारांच्या गप्पांत ‘हा रस्ता असाच कच्चा राहावा’ असं सहज निघून जातं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हेच वाक्य त्या गावच्या पारावर म्हणून दाखवता येईल का, हा विचार करून पाहावा. रस्ता कुठे व्हावा, जंगलाचं काय व्हावं, गावांनी राहावं की पुनर्वसन घ्यावं हे प्रश्न गावकऱ्यांचे, ग्रामसभेचे आणि वनखात्याचे आहेत. महिन्यातून एका रविवारी येणाऱ्या पाहुण्याच्या हौसेला त्यात मत नाही. उद्या तिथे डांबर पडलं तर सायकलवाल्याने आनंदाने दुसरी वाट शोधावी. शिवारातल्या पाणंद रस्त्यांची या भागात वाण नाही.

पाहुण्याने करायच्या गोष्टी साध्या आहेत. गुरं समोर आली की थांबायचं, गुराख्याला विचारून पुढे जायचं. गाडीवाट संपून कुणाच्या शेताची वाट लागली तर ‘मामा, इथनं जाऊ काय?’ असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. भाताच्या खळ्यातून आणि उभ्या पिकातून जायचं नाही. चहा, केळी, पाणी शहरातून लादून नेण्यापेक्षा वाटेवरच्या गावातल्या दुकानात घ्यायचं. देवराईत सायकल न्यायची नाही. बिस्किटाचं वेष्टन खिशातून परत आणायचं.

निघण्यापूर्वी

एकट्याने जाऊ नये, निदान तिघं असावेत. एक पडला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि तिसऱ्याने नेटवर्क मिळेल तिथवर जायचं. कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवावं. ११२ आणि १०८ हे क्रमांक उपयोगाचे, पण कणकुंबीच्या पुढे बऱ्याच ठिकाणी फोनच लागत नाही. हेल्मेट, जादा ट्यूब, पंप, साखळी जोडायची कडी, बँडेज, शिट्टी आणि थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत. खेड्यात मोबाईलने पैसे चुकते होतीलच असं नाही.

परतल्यावर सायकल त्याच दिवशी धुवावी. लाल मातीचे कण ब्रेकच्या पॅडमध्ये आणि साखळीत अडकून धातू कानशीसारखा घासतात. साखळी पुसून, सुकवून मगच तेल द्यावं. मातीवरच तेल ओतलं तर घासणारी पेस्ट तयार होते.

पहिल्या खेपेला राकसकोपपर्यंत जाऊन यावं. तिथून परतताना शाळेच्या गणवेशातली पोरं याच खडीवरून चालत किंवा जुन्या सायकलीवर येताना दिसली, तर बाजूला होऊन वाट द्यावी. त्यांना उशीर होत असतो, आपल्याला नसतो.